जिताड्यासाठी गाठ

उद्या पहाटे करंज्याच्या खाडीवर जायचं आहे. रॉड, रीळ, दोरा, गळ, सगळं आजच एका जुन्या चादरीवर मांडा. खिडकी उघडा. द्रोणागिरीच्या डोंगराकडून येणारा खारा वारा घरात येऊ द्या. अजून कशालाही हात लावू नका. थोडा वेळ नुसते बसा आणि ज्याच्यासाठी ही तयारी चालली आहे, त्याला आठवा.

जिताडा. पाताळगंगा आणि अंबा नद्यांचं गोडं पाणी धरमतरच्या खाडीत खाऱ्याला मिळतं, तिथला हा मासा. पावसाळ्याच्या सुमारास तो खाडीच्या मुखाकडे अंडी घालतो. पिल्लं भरतीबरोबर आत शिरतात, खाजणांत आणि कांदळवनाच्या मुळांत वाढतात. पेण-अलिबागकडे लोक ती आणून गावतळ्यांत सोडतात. तरुणपणी जिताडा नर असतो. काही वर्षांनी, अंगाने वाढल्यावर, त्याचीच मादी होते. म्हणजे उद्या गळाला खूप मोठा जिताडा लागला, तर ती बहुधा मादी असेल. पुढच्या कित्येक पावसाळ्यांची पिल्लं तिच्यावर अवलंबून असतील. घाई करू नका. हे मनात नीट उतरू द्या.

आता रीळ हातात घ्या. डोळे मिटून हँडल सावकाश फिरवा. कुठे खरखर लागते? ते मागच्या खेपेचं मीठ. ड्रॅग घट्ट करून रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धरा, कापडाने टिपा, पूर्ण वाळू द्या, मग तेलाचा एखादा थेंब सोडा. ड्रॅग पुन्हा सैल करून दोरा हाताने ओढून पाहा. तो अडखळत नको, एकसारखा सुटायला हवा. दोरा बारा किलोचा असेल, तर तीन-चार किलोच्या ओढीला रिळाने तो सोडायला हवा. ताणकाटा लावून खात्री करा. जिताडा पाण्याबाहेर उसळून डोकं झटकतो. त्या झटक्याला वाव ठेवायचा आहे.

रॉडच्या प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवा. कापूस अडकला, तिथे चीर आहे. उद्या दोरा त्याच जागी कातरला जाईल.

मग दोरा अंगठा आणि तर्जनीत धरून हळूहळू ओढा. मन इकडेतिकडे गेलं, तर बोटांच्या टोकांशी परत आणा. जिताड्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड धारदार असते. मासा साफ करणाऱ्यांची बोटं ते ओळखून असतात. म्हणून शेवटचा वावभर दोरा जाड नायलॉनचा ठेवा. हाताला खडबडीत लागलेला भाग कापून टाका, हळहळू नका. कापलेला तुकडा मात्र खिशात जाऊ दे, खाडीत नको. पूर्वी जाळी सुताची आणि तागाची असत; ती टिकावीत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवत, तरी शेवटी कुजत. नायलॉन कुजत नाही. त्यामुळे त्याचा शेवट आपल्यालाच बघावा लागतो.

आता गाठ. थुंकी लावून ओली करा आणि हळू आवळा. कोरडी गाठ झटक्याने ओढली, तर घर्षणाने तापून नायलॉन कमजोर होतो. आवळल्यावर पूर्ण जोर लावून ओढा. तुटायची असेल तर इथेच तुटू दे. इथे तुटली, तर पुन्हा बांधता येते. तिथे तुटली, तर तोंडात गळ आणि मागे लोंबता दोरा घेऊन मासा मुळांत शिरतो आणि कदाचित तिथेच अडकून राहतो. आपण परत येऊन म्हणतो, ‘मोठा सुटला.’ त्याची सुटका झालेलीच नसते. या वाक्यापाशी थांबा. दोन-चार श्वास जाऊ द्या.

गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवा. ते घसरलं तर बोथट आहे; कानस फिरवा. टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. गळ काढताना माशाचं तोंड फाटणार नाही. पकड अशा खिशात ठेवा, की न शोधता हाती येईल.

दर वर्षी 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत करंज्याच्या कोळीवाड्यात जाळी दुरुस्त होतात, होड्यांची डागडुजी होते. त्यांचं पोट त्या कामावर आहे. आपण हौसेने जाणारी माणसं. आपल्याकडून एका संध्याकाळची तरी निष्ठा हवी.

पंचांग उघडा. तिथीची पाऊणपट करा, साधारण भरतीची वेळ मिळेल. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची ओढ जोरदार असते, हेही ध्यानात घ्या.

शेवटी एकच गोष्ट ठरवायची आहे: कोणता मासा घरी आणायचा आणि कोणता सोडायचा. हे आजच, शांतपणे ठरवा. रॉड वाकलेला असताना मन ऐकत नाही. मोठी मादी सोडायची असेल, तर हात ओले करून तिला धरायचं, पोटाखाली आधार द्यायचा आणि ती स्वतः शेपटी मारून जाईपर्यंत पाण्यातच ठेवायचं.

मासा लागेल की नाही, ते खाडीवर सोडा. लागलाच तर आपल्या आळसापायी त्याला जखमी होऊन भटकावं लागणार नाही, एवढं वचन मात्र आजच देता येतं. प्रत्येक गाठ पुन्हा एकदा ओढून पाहा आणि ते द्या.