जन्मगावाची रांग

माझ्या ओळखीच्या एका घरातले दोन सख्खे भाऊ अमेरिकेत नोकरी करतात. थोरला जन्मला मिरजेत. धाकट्याच्या वेळी वडील मस्कतला नोकरीत होते, म्हणून त्याचा जन्म तिथला. दोघांचं शिक्षण सारखं, पासपोर्ट भारताचाच, ग्रीन कार्डाची वर्गवारीही एकच, ईबी-२. थोरल्याचा अर्ज आधी गेला. कार्ड मात्र धाकट्याला मिळालं, त्यालाही आता काही वर्षं झाली. थोरला अजून थांबलेलाच आहे.

या रांगेत माणसाचा नंबर म्हणजे एक तारीख. कंपनीने श्रम खात्याकडे त्याच्यासाठी अर्ज दाखल केला तो दिवस, म्हणजे त्याची प्रायॉरिटी डेट. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला ‘व्हिसा बुलेटिन’ काढतं. त्यात प्रत्येक वर्गासमोर एकेक तारीख छापलेली असते. तुमची तारीख तिच्या आधीची असेल, तर तुमची पाळी आली. पण भारत आणि चीन यांचे रकाने वेगळे आहेत, आणि माणूस कुठल्या रकान्यात मोडतो हे पासपोर्टावरून नव्हे, जन्मस्थळावरून ठरतं. बायको काठमांडूत जन्मलेली असेल, तर नवऱ्यालाही नेपाळच्या बाजूने उभं राहता येतं. मिरजेत जन्मलेल्या दोघांनी लग्न केलं, तर ती वाट बंद.

मला खुपतं ते हेच. माणसाला जन्मभूमीच्या कोट्याने मोजण्याची १९२४ची पद्धत अमेरिकेने १९६५च्या कायद्याने मोडली. त्याच कायद्याने पूर्व गोलार्धातल्या देशांना सारखी मर्यादा घातली. पुढे १९९०मध्ये नोकरीच्या मार्गाने वर्षाला १,४०,००० जागा ठरल्या आणि एका देशाला सात टक्क्यांहून जास्त नाहीत, असं झालं. या जागांत बायकामुलंही मोजली जातात. त्यातल्या ईबी-२ या एका वर्गात भारताच्या वाट्याला वर्षाला साधारण २,८०० जागा येतात. इतरांच्या उरल्या, तर थोड्या अधिक. आइसलँडलाही तेवढीच मर्यादा. ती काढली, तर कित्येक वर्षं बहुतेक जागा भारतीय आणि चिनी अर्जदारांकडे जातील आणि बाकीचे खोळंबतील, असा आक्षेप घेतात. तो खोटा नाही. किती माणसं घ्यायची हे ठरवण्याचा त्या देशाचा हक्कही मला मान्य आहे. पण अर्ज माणूस करतो, देश करत नाही. एकाच कामासाठी उभ्या राहिलेल्यांत आधी आलेल्याला आधी बोलवावं, एवढी साधी रीत रेशनच्या दुकानातही पाळतात.

आपल्याकडे स्कूटरसाठी, टेलिफोनसाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावले. तो नंबर कूर्मगतीने का होईना, पुढेच सरकायचा. इथे तारीख मागे जाते. जागा वाया जाऊ नयेत म्हणून परराष्ट्र खातं अंदाजाने तारीख पुढे नेतं. अर्ज अपेक्षेहून जास्त आले, की मागे ओढतं. एप्रिल २०१२मध्ये भारताची ईबी-२ची तारीख १ मे २०१०पर्यंत आली होती. पुढच्याच महिन्यात ती १५ ऑगस्ट २००७वर गेली. ज्यांनी धावपळ करून वैद्यकीय तपासण्या उरकल्या, कागद जमवले, त्यांचेही अर्ज तिथेच अडकले. जुलै २००७मध्ये तर दार उघडल्याचं जाहीर करून महिन्याच्या २ तारखेलाच ते बंद केलं गेलं. तेव्हा ‘लगे रहो मुन्नाभाई’ नुकताच येऊन गेला होता. त्यातल्या गांधीगिरीच्या धर्तीवर भारतीयांनी इमिग्रेशन खात्याच्या संचालकांना फुलं पाठवली. दोन आठवड्यांनी निर्णय फिरला आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज घेतले गेले.

एवढी वर्षं मोठी माणसं काढतातही. नोकरी बदलली तरी मंजूर अर्जाची जुनी तारीख बहुधा टिकते. पोरांचं तसं नाही. एकवीस वर्षं झाली, की मूल आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतं. २००२च्या कायद्याने इमिग्रेशन खात्यात अर्ज तपासण्यात गेलेला काळ त्याच्या वयातून वजा होतो, रांगेत गेलेली वर्षं होत नाहीत.

थोरल्याची मुलगी तीन वर्षांची असताना तिकडे गेली. आता सतरा पूर्ण झाली. तिच्या आईने वहीत शेजारीशेजारी दोन तारखा लिहून ठेवल्यात. एक बुलेटिनमधली, दुसरी लेकीच्या एकविसाव्या वाढदिवसाची. पहिली बरेचदा खोडून नव्याने लिहावी लागते.