शांत करणारी गोळी

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला रात्री अडीचला उठून दाराची कडी वाजवताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना 'शांत राहण्याची' गोळी केवढा आधार वाटते हे वेगळं सांगायला नको. घरातली सून किंवा मुलगी महिनोन्‌महिने धड झोपलेली नसते. त्यांना दोष देण्याचा अधिकार कुणालाच नाही. माझी तक्रार आहे ती एकदा सुरू झालेली गोळी पुन्हा कुणीच तपासत नाही, याबद्दल.

अशा गोळ्या म्हणून दिली जाणारी क्वेटियापिन, ओलान्झापिन, रिस्पेरिडोन ही मुळात स्किझोफ्रेनियासारख्या आजारांची औषधं. २००५ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांवरच्या १७ चाचण्या एकत्र पाहिल्या. साधारण दहा आठवड्यांत औषध घेणाऱ्यांपैकी ४.५ टक्के दगावले होते, तर औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी २.६ टक्के. मृत्यूची कारणं बहुतांशी हृदयविकार आणि न्यूमोनियासारखे संसर्ग. चार वर्षांनी ब्रिटनमध्ये प्रा. सुबे बॅनर्जी यांनी सरकारला अहवाल दिला: वर्षाला सुमारे १,८०,००० स्मृतिभ्रंशग्रस्तांना ही औषधं मिळतात, गुण येतो तो फार तर ३६,००० जणांना, आणि १,८०० मृत्यू जादा होतात.

म्हणजे काहींना गुण येतो, हेही खरं. भयानक भास होत असतील, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, तर औषध द्यावंच लागतं. पण उरलेल्यांचं काय?

नॉर्वेतल्या बेटिना हुसेबो आणि सहकाऱ्यांचं २०११ चं संशोधन मला या विषयात सर्वांत मोलाचं वाटतं. १८ शुश्रूषागृहांतल्या, चिडचिड आणि आरडाओरडा करणाऱ्या ३५२ स्मृतिभ्रंशग्रस्तांवर त्यांनी काम केलं. त्यांतल्या एका गटाला आठ आठवडे पद्धतशीर वेदनाशामक उपचार दिले, बहुतेकांना साधं पॅरासिटामॉल. चिडचिड १७ टक्क्यांनी कमी झाली. उपचार थांबवल्यावर ती पुन्हा वाढू लागली. ज्याला 'गुडघा दुखतोय' म्हणता येत नाही, तो अंघोळ घालणाऱ्याचा हात झटकतो, चावतो. हुसेबोंनी वेदना ओळखण्याची पद्धतही तयार केली आहे. परिचारिका रुग्णाची मूठ हळूच उघडते, हात वर उचलते, गुडघा वाकवते, कुशीवर वळवते. प्रत्येक हालचालीला कपाळावर आठी येते का, कण्हणं ऐकू येतं का, अंग आखडतं का, ते नोंदवते. यंत्र लागत नाही. वेळ मात्र लागतो, आणि आपल्या व्यवस्थेत नेमकी त्याचीच टंचाई आहे. बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग, कानातलं बिघडलेलं श्रवणयंत्र, ही कारणंही अशीच बघितल्याशिवाय सापडत नाहीत.

एका राष्ट्रीय पाहणीच्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्यांतले बहुतेक घरीच सांभाळले जातात. ब्रिटनच्या नाइस संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं दर सहा आठवड्यांनी तरी गोळीची गरज पुन्हा तपासा म्हणतात. आपल्याकडे जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून तीच पट्टी पुन्हा आणली जाते, आणि आजोबा दिवसभर पेंगतात तेव्हा 'वयच झालंय' म्हटलं जातं. चिठ्ठीवर गोळीच्या नावाशेजारी ती कशासाठी दिली आणि कोणत्या तारखेला तपासायची, हे लिहिलेलं असलंच पाहिजे. लिहिलेलं नसेल तर घरच्यांनी विचारावं. डॉक्टरांचा अपमान होत नाही. चालू गोळी मात्र कुणी परस्पर बंद करू नये. काही रुग्णांचा त्रास उलटतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू उतरवावी, आणि त्या आठवड्यांत झोप, खाणं, चालणं, चिडचिड यांची वहीत रोज नोंद ठेवावी.