हुबेहूब म्हणजे किती?

जेमिनी मोहिमांचं टायटन-२ रॉकेट दिसायला अगदी सरळसाधं. लांब नळकांडं, माथ्यावर दोन अंतराळवीरांची कुपी, तळाशी दोन तोंडांचं इंजिन. शेपटीला पंख मात्र नाहीत, नावालासुद्धा नाहीत. १९६५ आणि १९६६ या दोन वर्षांत ते दहा वेळा माणसं घेऊन गेलं आणि एकदाही भरकटलं नाही. पण याच टायटनचं हातभर मॉडेल कुणी कागदी नळी आणि बाल्साचं लाकूड घेऊन, मापात केसाचाही फरक न करता बांधलं आणि तसंच उडवलं, तर ते जरा वर जाऊन कोलांट्या खायला लागेल. म्हणून मॉडेलकार त्याच्या शेपटीला पारदर्शक प्लॅस्टिकचे पंख डकवतात. चार पावलांवरून ते दिसत नाहीत.

आता हे मॉडेल टायटनसारखं झालं की टायटनपासून दूर गेलं?

हा प्रश्न छंदी लोकांचा वाटला, तरी त्यावर आपल्याकडे जुना खल झालेला आहे. सातव्या शतकातले मीमांसक तत्त्वज्ञ कुमारिल भट्ट यांच्या मते साम्य म्हणजे दोन वस्तूंमध्ये पुष्कळ अवयव सारखे असणं. दुसरे मीमांसक प्रभाकर यांना हे पटलं नाही. साम्य हा स्वतंत्रच पदार्थ आहे, ते अवयवांच्या बेरजेत मावत नाही, असं त्यांच्या पंथाचं म्हणणं. वादातलं ठरलेलं उदाहरण गवयाचं, म्हणजे रानगाईसारख्या जनावराचं. रानात ते समोर आलं की माणसाला घरची गाय आठवते. मीमांसक इथे एक अनपेक्षित गोष्ट सांगतात: या क्षणी नवं कळतं ते गवयाबद्दल नव्हे, तो तर डोळ्यांपुढेच आहे. नवं कळतं ते घरी राहिलेल्या गाईबद्दल, की ती याच्यासारखी आहे.

स्केल मॉडेलच्या स्पर्धेतले परीक्षक आधी कुमारिलांचे अनुयायी असतात. तयार किट न आणता सगळं स्वतः घडवणारा स्पर्धक मॉडेलसोबत कागदपत्रांची फाइल देतो: मूळ रॉकेटची मापं, आराखडे, रंगांचे पुरावे, फोटो. परीक्षक व्यास मोजतात, रंगाच्या पट्ट्या आणि अक्षरांच्या जागा ताडून बघतात. त्यामुळे घरातलं काम सोनाराच्या वरताण चालतं. कागदी नळीवर गुंडाळणीची तिरपी रेघ उमटलेली असते. ती लांबी भरून, घासून, पुन्हा भरून नाहीशी करावी लागते. रिव्हेटसाठी सुईच्या टोकानं गोंदाचे ठिपके द्यायचे, एकेक, सारख्या अंतरावर.

इथवर अवयवांची बेरीज चालते. पण स्पर्धेचा दुसरा अर्धा भाग मैदानात असतो आणि तिथे बेरजेचं गणित बिघडतं.

टायटनचं इंजिन डुलू शकतं. रॉकेट जरा कललं की आतले जायरोस्कोप ते ओळखतात आणि ज्वाळेची दिशा बदलून त्याला सावरतात. मॉडेलच्या पोटात असते एक बंदुकीच्या दारूची मोटर, ती नाकासमोर ढकलण्यापलीकडे काही जाणत नाही. तेव्हा सावरण्याचं काम हवेकडूनच करून घ्यावं लागतं. त्यासाठी मॉडेलचा गुरुत्वमध्य हवेच्या दाबाच्या मध्यापेक्षा नळीच्या निदान एका व्यासानं पुढे हवा. नाकात वजन भरायचं, नाहीतर मागे पंख लावायचे. मग मोटर बसवून, गुरुत्वमध्यापाशी दोरी बांधून मॉडेल डोक्याभोवती गरगरा फिरवायचं. नाक पुढे ठेवून फिरलं तर उडवण्याजोगं. आडवं किंवा उलटं फिरलं, तर पुन्हा टेबलावर.

वजनाची गोष्ट आणखी अडचणीची. चंद्रावर माणसं नेणारं सॅटर्न-५ सुमारे ११० मीटर उंच आणि इंधन भरल्यावर साधारण २,९०० टन वजनाचं होतं. एक शतांश मॉडेल १.१ मीटरचं होतं, पण वजन घनाच्या हिशेबानं दहा लाखांश व्हायला हवं, म्हणजे २.९ किलो. कागदी मॉडेल त्याच्या पासंगालाही पुरत नाही, आणि पुरलं असतं तर छोट्या मोटरनं ते हललंही नसतं. अमेरिकेतल्या स्टीव्ह ईव्हज यांनी एक दशांश सॅटर्न-५ बांधलं आणि २५ एप्रिल २००९ रोजी मेरीलँडमध्ये उडवलं. उंची ३६ फूट, वजन सुमारे ७५० किलो, पोहोचलं चार हजार फुटांच्या वर. तरी हिशेबानं त्याचं वजन २.९ टन हवं होतं. वेळेचीही तीच तऱ्हा. खऱ्या सॅटर्नला उड्डाणतळावरच्या मनोऱ्याच्या वर निघायला सुमारे दहा सेकंद लागत. छोटं मॉडेल मीटरभर सळईवरून डोळ्याची पापणी लवण्याआत निसटतं. तो जडपणा, ती संथ उचल कुठल्याच प्रमाणात लहान होत नाही.

समोरच्यातून दूरच्याबद्दल नवं कळतं, हे मीमांसकांचं म्हणणं इथे कामाला येतं. पंखाविना कोलांट्या खाणारं मॉडेल ज्यानं पाहिलं, त्याला टायटनबद्दल जे कळतं ते फोटोंच्या फाइलमध्ये कुठेच नसतं: तो नितळ, बिनपंखी देह क्षणाक्षणाला कुणीतरी सावरून धरलेला होता. हे ज्ञान मात्र साम्यातून येत नाही, जिथे साम्य तुटतं तिथून येतं. त्या अर्थानं पारदर्शक पंख ही लपवाछपवी नाही; मूळ रॉकेटमधल्या अदृश्य यंत्रणेची ती जागा आहे.

पण खरा पेच लिटल जो-२ टाकतं. अपोलो कुपीची संकटकालीन सुटका तपासायला १९६३ ते १९६६ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सहून ही रॉकेटं पाच वेळा उडाली. मोठे पंख आणि पन्हाळी पत्र्याचं अंग, त्यामुळे मॉडेलकारांचं हे लाडकं. स्पर्धेत 'लिटल जो' असं मोघम चालत नाही. कोणतं उड्डाण ते सांगावं लागतं, कारण रंगकाम दरवेळी थोडं वेगळं. आता कुणी ए-००३ हे उड्डाण निवडलं तर? १९ मे १९६५ला ते उडताच स्वतःभोवती फिरू लागलं आणि ठरलेल्या उंचीच्या खूप खाली त्याचे तुकडे झाले. त्याचं प्रामाणिक मॉडेल सरळ वर गेलं, तर ते ए-००३ कसं? आणि फुटलं, तर ते स्पर्धेत बाद.

त्या दिवशी न्यू मेक्सिकोत मात्र आणखी एक गोष्ट घडली होती. रॉकेट फुटताच कुपीच्या माथ्यावरच्या सुटकेच्या मनोऱ्यानं रिकामी कुपी ओढून बाजूला नेली आणि ती पॅराशूटवर सुखरूप उतरली. ज्या सुटकेची चाचणी घ्यायची होती, तिचा निकाल अपघातानंच दिला. ए-००३ म्हणजे ते फुटणं मानायचं की ती सुटका, हे मॉडेलकाराला मोटर निवडण्याआधी ठरवावं लागतं. आणि सुटका मानली, तर कुपी माथ्यावर चिकटवून चालत नाही, ती वेगळी होऊन स्वतःच्या पॅराशूटवर उतरेल अशी बांधावी लागते.