वतनाची गाडी



ज्या दिवशी करारावर सही केली त्या दिवशी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मुनीमजींनी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाले, "आजपासून तू ड्रायव्हर नाहीस. मालक झालास." चार वर्षं मी क्लीनर म्हणून फडकं मारलं होतं. पुढं अकरा वर्षं दुसऱ्याच्या गाडीचं स्टिअरिंग धरलं होतं. 'ए ड्रायव्हर', 'ए जयभीमवाल्या' यापलीकडं हाक ऐकली नव्हती. तो शब्द कानावर आला आणि डोळ्यांत पाणी आलं, हे कबूल करतो. पेढाही गोड होता.

त्याला आता 31 महिने झाले. या 31 महिन्यांत एकच प्रश्न डोक्यात घोळतोय. मालक म्हणजे कोण? प्रश्न माझ्या एकट्याचा असता तर या पानांवर आणला नसता. पण गेल्या महिन्यात वस्तीतला एक पोरगा, आपल्याच मंडळाचा कार्यकर्ता, तसाच करार घेऊन माझ्या दारात आला. म्हणाला, "दादा, जामीनदार म्हणून तुमची सही पाहिजे." ती सही मी अजून केलेली नाही. तो माझ्यावर रुसला आहे. म्हणून लिहितोय.

आधी करार सांगतो. आमच्या धंद्यात याला 'ड्रायव्हर-कम-ओनर' म्हणतात. गाडी चाळीस फुटी कंटेनर ओढणारा ट्रेलर. न्हावा शेवा बंदरातून माल उचलायचा, बोरघाट चढून चाकणच्या कारखान्यात उतरवायचा. गाडी कंपनीनं घेतलेली, आरसी बुकात नाव कंपनीचं. मला ती लीजवर. महिन्याला 58 हजारांचा एक, असे 48 हप्ते भरायचे. शेवटचा हप्ता भरला की गाडी माझ्या नावावर. डिझेल, टोल, टायर, इन्शुरन्स, पासिंग, दुरुस्ती, सगळं माझ्या खात्यावर. खेपा कंपनी देणार आणि भाड्यातून आठ टक्के कमिशन कापणार. दुसऱ्या कुणाचा माल ओढायचा नाही. गाडी मध्येच सोडली तर भरलेले हप्ते वापराचं भाडं म्हणून जमा, परत एक पैसा नाही. करार इंग्रजीत, बावीस पानांचा. मी शेवटचं पान पाहिलं, कारण सही तिथं करायची होती.

आता हिशोब. बऱ्या महिन्याच्या 14 खेपा होतात. खेपेला 21 हजार, म्हणजे 2 लाख 94 हजार. ऐकायला राजाचा थाट! त्यातून डिझेल 1 लाख 12 हजार, टोल 35 हजार, कमिशन साडेतेवीस हजार, हप्ता 58 हजार, इन्शुरन्स-पासिंगची कपात 9 हजार, टायरची 15 हजार, क्लीनरचा पगार 9 हजार, वजनकाटा, पार्किंग आणि रस्त्यावरचं देणंघेणं 14 हजार. उरले साडेअठरा हजार. ड्रायव्हर होतो तेव्हा मला 22 हजार मिळत होते. म्हणजे मालक होऊन मी साडेतीन हजारांनी गरीब झालो, तेही बऱ्या महिन्यात.

पण पैशाचं दुखणं मी बाजूला ठेवतो. गरिबी आपल्याला नवी नाही. दुखणं वेगळं आहे. गाडी घेतल्यावर पहिल्या आठवड्यात मी पेंटरकडं गेलो. समोरच्या काचेवर निळ्या रंगात 'जय भीम' लिहायचं होतं. सुपरवायझर म्हणाला, "कंपनीची गाडी आहे. एक अक्षर लिहायचं नाही, करारात आहे." त्याच महिन्यात खोपोलीजवळ दोन टायर फुटले. फोन केला, तर तोच सुपरवायझर म्हणाला, "तुझी गाडी आहे. तू बघ." टायर फुटला की गाडी माझी आणि काच पुसली की गाडी त्यांची. ही कसली मालकी?

मग आला 6 डिसेंबर. दरवर्षी आमच्या वस्तीचं पथक चैत्यभूमीला येणाऱ्या लोकांसाठी शिवाजी पार्कवर भात-भाजी वाटतं. दुसऱ्याचा ड्रायव्हर असतानाही मी ती रात्र कधी चुकवली नव्हती. शेठ शिव्या द्यायचा, एक दिवसाचा पगार कापायचा, विषय संपायचा. या वेळी मुनीमजींनी खेप सांगितली. मी म्हटलं, आज येणार नाही. ते गोड आवाजात म्हणाले, "तू मालक आहेस. तुझी मर्जी." पुढचे आठ दिवस मला एकही खेप मिळाली नाही. नंतर मिळाल्या त्या सगळ्यात लांब रांगेच्या. महिन्याच्या 7 खेपा भरल्या. हप्ता, टायर, इन्शुरन्स, पगार काही अर्धे होत नाहीत. वहीत उणे 36 हजार 250 निघाले. म्हणजे महिनाभर गाडी चालवून वर मीच देणेकरी.

त्या रात्री मला माझा आजा आठवला. सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात तो येसकर होता. म्हातारपणीसुद्धा छाती काढून म्हणायचा, "आमी वतनदार हाय." वतन म्हणजे काय, तर दीड एकर हाडकी, तीही भावकीच्या सोळा घरांत वाटलेली. त्या बदल्यात चावडीचा सांगावा, दवंडी, मेलेलं ढोर, मयताची बातमी परगावी पोचवणं, साहेबाच्या घोड्यापुढं धावणं. दिवस नाही, रात्र नाही. येसकर घरी नसला तर त्याच्या बापाला न्यायचं, नाहीतर पोराला न्यायचं. वरून नाव वतनदार! 1874 च्या वतन कायद्यानं ही बेडी पक्की केली होती. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात त्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारं बिल आणलं. ज्याला सेवेतून सुटायचं आहे त्याला पूर्ण सारा भरून जमीन ठेवता यावी, ही त्यातली एक मोठी गोष्ट होती. म्हणजे जमीन राहील आणि जोहार जाईल. पण जमीन जाईल या भीतीनं आपलीही माणसं वतनाला चिकटून होती. कनिष्ठ गावकामगारांची वतनं कायद्यानं नष्ट व्हायला 1958 साल उजाडलं. तोवर माझा आजा धावतच होता.

कुणी म्हणेल, तुलना चुकीची आहे. वतन जन्मानं गळ्यात पडलं, करारावर तू स्वतःच्या हातानं सही केलीस. बरोबर आहे. हा फरक मी नाकारत नाही. उलट तोच मला जास्त टोचतो. आजा पाटलाकडं बोट दाखवू शकत होता. मी बोट दाखवायला गेलो की माझीच सही पुढं येते. पण सही करताना माझ्यापुढं दुसरं काय होतं? बँक तारण मागते, आमच्याकडं सातबारा नाही. 22 हजारांत पोरांच्या फिया भागत नाहीत. पोटाची नड आणि मालक होण्याची पिढ्यांची भूक, या दोन पायांवर उभं राहून मी सही केली. सहीनं करार कायद्यात बसतो. तो न्यायात बसलाच असं होत नाही. ज्याला नाही म्हणायची ऐपत नाही त्याच्या हो ला किती किंमत द्यायची, हा साधा प्रश्न आहे आणि तो विचारायला पदवी लागत नाही.

हे दुखणं फक्त आपल्याच मुलखाचं आहे असंही नाही. कळंबोलीत आम्ही जेवतो त्या ढाब्यावरच्या पंजाबी मालकाचा पुतण्या अमेरिकेत, कॅलिफोर्नियात ट्रक चालवतो. एका रात्री त्याच्याशी मोबाइलवर बोललो. माझा करार ऐकून तो हसायला लागला. म्हणाला, "भाई, हा तर इकडचाच कागद आहे." तिकडं चालवणाऱ्याला 'ओनर-ऑपरेटर' म्हणतात आणि कराराला 'लीज-परचेस'. मग मी शोधून वाचत गेलो. 1980 च्या कायद्यानं तिकडं ट्रकधंद्यावरची सरकारी बंधनं सैल झाली. 2008 साली लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या बंदरांनी धूर कमी व्हावा म्हणून जुने ट्रक बंद करायला सुरुवात केली. हवा सुधारावी हे रास्तच. पण नवा ट्रक घ्यायची ऐपत ड्रायव्हरांची नव्हती आणि त्यातले बहुतेक बाहेर देशांतून आलेले. मग कंपन्यांनी ट्रक घेतले, यांना लीजवर दिले आणि हप्ता कमाईतून कापू लागल्या. आठवडाभर राबून काहींच्या हातात शून्य पडायचं, कधी उलट देणं निघायचं.

अशाच एका ड्रायव्हरच्या दाव्यावर जानेवारी 2019 मध्ये तिकडच्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला. कंपनीचं म्हणणं, हा आमचा कामगार नाही, स्वतंत्र ठेकेदार आहे. त्यानं करारात लिहिल्याप्रमाणे कोर्टात न येता खाजगी लवादाकडं जावं. 1925 च्या लवाद कायद्यात वाहतूक कामगारांच्या करारांना सूट होती. कोर्टानं एकमतानं सांगितलं की 1925 साली त्या शब्दांत काम करण्याचा कुठलाही करार येत होता, कागदावर ठेकेदार लिहिलं म्हणून ती सूट जात नाही. जानेवारी 2025 मध्ये तिथल्या सरकारी समितीनं तर अशा लीज-परचेस योजनांवर बंदीच घालावी अशी शिफारस केली. शिफारस म्हणजे कायदा नव्हे. पण मला त्यातनं एक कळलं. कागदावरच्या नावानं माणूस मालक होत नाही, हे तिकडच्या न्यायाधीशांनाही पटवून द्यावं लागलं. आपल्या बाबासाहेबांनी ते वतनाच्या बाबतीत 1928 सालीच ओळखलं होतं.

इथपर्यंत मी माझ्यावरचा अन्याय सांगितला. आता मी केलेला सांगतो. तो सांगितला नाही तर हा लेख खोटा ठरेल.

माझ्या गाडीवर क्लीनर माझ्या बहिणीचा पोरगा आहे. डिसेंबरात उणे निघाल्यावर मी त्याचा पगार दिला नाही. म्हटलं, घरचाच आहेस, थांब जरा. जानेवारीत ती तूट भरायला मी गाडी एकोणीस-एकोणीस तास चालवली. 1961 साली मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला, त्यात दिवसाला 8 तास आणि आठवड्याला 48 तास लिहिले होते. पण ते कामगारासाठी. मालकाच्या तासांना कोण कायदा लावणार? आणि मालक जागा म्हणजे क्लीनरही जागा. एका पहाटे बोरघाटात माझा डोळा लागला. "मामा!" म्हणून पोरानं किंचाळून स्टिअरिंगला हात घातला, म्हणून आज हे लिहायला मी आहे. त्या महिन्यातही मी त्याचा पगार दिला नाही.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी तो ग्रीसिंग करून हात पुसत आला आणि खाली बघत म्हणाला, "मालक, पगाराचं कसं?"

मामा म्हणणारं पोर मला मालक म्हणालं. मुनीमजींच्या तोंडून जो शब्द ऐकून डोळ्यांत पाणी आलं होतं, तोच शब्द. मला चावडीवर उभं असल्यासारखं वाटलं, आणि या वेळी मी पाटलाच्या जागी होतो. 6 डिसेंबरला मी कंपनीला नाही म्हणालो, त्याची वसुली कंपनीनं माझ्याकडून केली आणि मी ती या पोराकडून केली. त्याच्या खाली कुणी नव्हतं म्हणून ती तिथं थांबली, एवढंच.

तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखं सांगितली होती, हे आपण विहारात ऐकतो. संपत्ती असण्याचं सुख, ती भोगण्याचं सुख, ऋण नसण्याचं सुख आणि निर्दोष असण्याचं सुख. पहिली तिन्ही मिळून चौथ्याच्या सोळाव्या हिश्शाचीही नाहीत. माझ्या गाडीला ही फूटपट्टी लावून बघितली. संपत्ती कंपनीच्या नावावर. भोग म्हणावा तर केबिनमधली झोप. ऋण गळ्यापर्यंत. आणि चौथं सुख मी माझ्याच भाच्याचा पगार दाबून घालवलं. चारातलं एकही नाही आणि नाव मालक.

मग आपल्या माणसांनी मालक होऊच नये का? असं मी म्हणत नाही. नोकरी मागणारे नको, देणारे व्हा, असं आज आपल्यातलेच लोक सांगतात. ऐकायला मलाही आवडतं. माझी मुलं उद्या दहा गाड्यांची मालक व्हावीत असं मलाही वाटतं. पण माझ्यापुरती मालकीची खूण मी ठरवली आहे. वरच्याला नाही म्हणता येतं का, आणि आपल्याला नाही म्हणण्याची मुभा आपण खालच्याला देतो का. दोन्हीचं उत्तर हो असेल तर तो मालक. नुसतं पहिलं असेल तर तो पाटील. दोन्ही नसेल तर तो माझ्यासारखा वतनदार.

भाच्याचा पगार मी मार्चमध्ये चुकता केला. त्यासाठी हप्ता थकवला. कंपनीची नोटीस आली आहे. मी गाडी सोडलेली नाही. 31 महिन्यांतले 17 लाख 98 हजार सोडून द्यायला छाती लागते, ती माझ्याकडं आज नाही. हाडकीला चिकटून बसलेल्या माणसांना मी लहानपणी हसायचो. आता हसत नाही.

राहिली त्या कार्यकर्त्या पोराची सही. त्याला मी सांगितलंय, येत्या रविवारी करार घेऊन विहारात ये. मी माझा आणतो. कळंबोलीच्या लायनीवरचे आणखी चार ड्रायव्हर आपापले कागद आणणार आहेत. आपल्यात एक पोरगी वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे, ती बावीसच्या बावीस पानं मराठीत वाचून दाखवणार आहे. गाडी सोडली तर काय परत मिळतं, खेप नाकारली तर काय होतं, दुसऱ्याचा माल ओढता येतो का, क्लीनरचा पगार कुठल्या रकमेतून धरला आहे, एवढं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं. नंतरही त्याला सही करावीशी वाटली तर त्यानं करावी. जामीन राहायचं की नाही ते मी तेव्हा सांगेन. पण शेवटचं पान पहिल्यांदा उघडू देणार नाही.

तुमच्या वस्तीतही असे कागद फिरत असतील. ट्रकचे नसतील तर रिक्षाचे, टेम्पोचे, टॅक्सीचे असतील. पेढा हातावर पडायच्या आधी ते मागून घ्या.

जय भीम.