राखीव बळ कोणाचे?

गेल्या हिवाळ्यात आमचा भाचा अमेरिकेतून इंदूरला आला होता. एके दिवशी रात्री जेवणे आटोपल्यावर त्याने आम्हांस एक प्रश्न विचारला. प्रश्न मोटारीचा होता, पण उत्तर शोधता शोधता आम्ही स्वतःच्या सेवाकाळातील एका जुन्या फायलीपाशी जाऊन पोहोचलो. तो सारा विचार वाचकांपुढे मांडावा, म्हणून हा लेख.

भाच्याजवळ आठ सिलिंडरांची एक वेगवान मोटार होती. तिला त्याने बाहेरून घेतलेला सुपरचार्जर बसविला होता. ज्यांस हे यंत्र परिचित नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. इंजिनाची शक्ती इंधनावर आणि ते जाळणाऱ्या हवेवर अवलंबून असते. इंजिन आपल्या ओढीने जेवढी हवा घेते, तीहून अधिक हवा दाबून आत घालणारा पंप म्हणजे सुपरचार्जर. त्याच्या एका प्रकाराचे मूळ इंडियाना राज्यातील कॉनर्सव्हिलच्या रूट्स बंधूंनी १८६० साली पेटंट घेतलेल्या हवेच्या पंपात आहे. तो पंप भट्ट्यांना वारा घालण्याच्या कामी येई. आता प्रचलित असलेल्या दुसऱ्या प्रकारात एक लहानसा पंखा प्रचंड वेगाने फिरून हवा दाबतो. हा पंखा इंजिनाच्याच दंडावरील पुली, पट्टा आणि आतील गिअर यांच्या साहाय्याने फिरतो.

मेख आहे ती याच ठिकाणी. समजा, इंजिनावरील पुली ७ इंचांची, चार्जरवरील ३.५ इंचांची आणि आतील गिअर वेग साडेतीन पट करणारा आहे. इंजिनाने मिनिटाला ६,५०० फेरे घेतले की पंखा ४५,५०० फेरे घेईल. त्या पंख्याची निर्मात्याने घातलेली मर्यादा ५०,००० असेल, तर सारे ठीक चालेल. परंतु अधिक दाब मिळावा म्हणून कोणी चार्जरवरची पुली बदलून ३ इंचांची लावली, तर तोच पंखा ५३,००० च्या पुढे जातो. अर्ध्या इंचाचा तो फरक! त्यात घाईने गिअर चुकीचा पडला आणि इंजिन ८,००० पर्यंत फेकले गेले, तर पंखा ६५,००० ओलांडतो. फिरत्या वस्तूवरील ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे पहिल्या स्थितीच्या दुपटीहून अधिक ताण त्या पात्यांवर आणि बेअरिंगांवर येतो. इंधन तोडून इंजिनाचा वेग रोखणारी व्यवस्था मोटारीत असते खरी. पण गिअर चुकला की इंजिनाला चाकेच फिरवितात, आणि तेथे ती व्यवस्था हतबल ठरते.

भाच्याचे नेमके हेच झाले होते. मित्रांच्या आग्रहावरून त्याने लहान पुली बसविली. एके दिवशी शर्यतीच्या मैदानावर तिसऱ्यातून चौथ्यात जाण्याऐवजी गिअर दुसऱ्यात पडला. इंजिन बंद पडले नाही, पण त्या दिवसापासून चार्जरमधून बारीक शीळ ऐकू येऊ लागली. तेव्हा त्याने चार्जर उतरवून कंपनीचे मूळ भाग पुन्हा जोडले आणि गाडी विकावयास काढली. “मामा,” तो म्हणाला, “इंजिन उत्तम चालते आहे. तपासणीत काही निघाले नाही. घेणाऱ्याने विचारले नाही, तर मी आपण होऊन सांगायलाच हवे का? तुम्हांला काय वाटते?”

या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे. यंत्र घडविणारा त्यात गरजेहून थोडे अधिक बळ ठेवतो. ते राखीव बळ कोणाचे? ज्याने पैसे मोजले त्याचे, असे भाच्याचे म्हणणे. त्याला इतिहासाचा आधारही आहे. मर्यादा ताणून पाहणारी माणसे नसती, तर मोटार अजून घोड्याच्याच चालीने गेली असती.

या वादाचे एक प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडातले आहे. टिम बर्किन या धाडसी चालकाने साडेचार लिटरच्या बेंटली मोटारीला अ‍ॅम्हर्स्ट व्हिलियर्स यांनी रचलेला सुपरचार्जर बसविण्याचा घाट घातला. डोरोथी पॅजेट यांनी त्यासाठी पैसा पुरविला. स्वतः वॉल्टर ओवेन बेंटली यांचा त्यास विरोध होता. अधिक शक्ती हवी असेल तर इंजिनच मोठे करावे, दुसऱ्या हिशेबाने घडविलेल्या इंजिनात दाबून हवा भरू नये, असे त्यांचे मत. परंतु कंपनीचे अध्यक्ष वुल्फ बार्नाटो यांनी बर्किनच्या बाजूने कौल दिला. १९३० साली ल मांसच्या चोवीस तासांच्या शर्यतीत बर्किनच्या गाड्या वाऱ्यासारख्या धावल्या, पण शेवटपर्यंत टिकल्या नाहीत. जिंकली ती सुपरचार्जर नसलेली, मोठ्या इंजिनाची स्पीड सिक्स, आणि तिच्या चाकावर होते बार्नाटो आणि ग्लेन किडस्टन. दुसरा क्रमांकही स्पीड सिक्सचाच आला.

एवढ्यावरून बर्किनला मूर्ख ठरविणे अन्यायाचे होईल. १९३२ साली त्यानेच सुपरचार्जर लावलेल्या एका आसनाच्या बेंटलीने ब्रुकलँड्सच्या मैदानावर ताशी १३७.९६ मैलांचा विक्रम केला. शिवाय त्याचे धाडस उघड होते. चार्जर गाडीच्या पुढच्या बाजूस, साऱ्या जगाला दिसेल असा बसविलेला होता. आपण कशाचा जुगार खेळत आहोत, हे त्याने कोणापासून लपविले नाही.

जर्मनीतील रीत याहून निराळी होती. १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीजने कॉम्प्रेसर लावलेल्या मोटारी मांडल्या. अशा एका मोटारीच्या नावात ६/२५/४० असे तीन आकडे होते: पहिला करआकारणीच्या अश्वशक्तीचा, दुसरा कॉम्प्रेसरविना मिळणाऱ्या शक्तीचा आणि तिसरा कॉम्प्रेसरसह मिळणाऱ्या शक्तीचा. तो कॉम्प्रेसर सदैव चालत नसे. चालकाने पायपट्टी तळापर्यंत दाबली की मगच तो जोडला जाई. रोजचे बळ किती आणि प्रसंगाचे किती, हे निर्मात्याने नावातच लिहून ठेवले होते. आम्हांस ही गोष्ट फार भावली. राखीव बळ वापरू नये असे कोठे आहे? ते राखीव आहे याची आठवण मात्र बुजता कामा नये.

येथे एक भेद करणे आम्हांस आवश्यक वाटते. मर्यादा वाढविणे वेगळे आणि मर्यादा खाणे वेगळे. जो सुपरचार्जर लावताना मजबूत पिस्टन घालतो, दाबलेली हवा तापते म्हणून इंटरकूलर बसवितो, इंधनाचे प्रमाण नव्याने जुळवितो आणि पंख्याच्या मर्यादेच्या आत राहतो, तो यंत्राचे बळ खरोखर वाढवितो. जो केवळ लहान पुली लावतो, तो चुकीच्या दिवसासाठी राखलेली ठेव आज खर्च करतो. चुकीचा दिवस मात्र कोणाच्या वाट्याला येईल, हे त्याच्या हाती नसते. गाडी विकली गेली की तो दिवस दुसऱ्याच्या दारी जातो.

आता आमच्या फायलीविषयी. राज्य शासनाच्या सेवेत असताना एका तहसिलीतील लहान पुलावर वजनाच्या मर्यादेचा फलक होता. गहू खरेदीचा हंगाम होता, पोती उघड्यावर पडली होती आणि आभाळ भरून येत होते. दुसरा रस्ता लांबचा. आम्ही तोंडी सांगून भरलेले ट्रक त्या पुलावरून जाऊ दिले. पूल टिकला, गहू वाचला आणि आमची प्रशंसा झाली. तो निर्णय सर्वस्वी चूक होता, असे आम्हांस आजही वाटत नाही. चूक पुढे झाली. पुलाने त्या हंगामात किती भार सोसला, याची एक ओळही आम्ही फायलीवर लिहिली नाही. लिहिली असती तर जाब द्यावा लागला असता. आमची बदली झाली. दोन पावसाळ्यांनंतर त्या पुलाला तडा गेला आणि वाहतूक बंद करावी लागली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. खुलासा मात्र आमच्या जागी आलेल्या अधिकाऱ्यास द्यावा लागला, आणि त्या बिचाऱ्याला आपल्या हाती काय आले होते, याची कल्पनाच नव्हती.

भाच्याला आम्ही प्रथम हीच हकीगत सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “पण मामा, तुमच्या गव्हाचा उपयोग लोकांना झाला. माझ्या पुलीचा कोणालाच नाही.” आम्ही म्हटले, “अरे, म्हणूनच तुझे काम सोपे आहे. तुला एक ओळ लिहायची आहे, आणि ती लिहायची वेळ अजून गेलेली नाही.”

परत गेल्यावर त्याने विक्रीच्या जाहिरातीत सारे लिहिले: चार्जर केव्हा लावला, पुली कोणती होती, गिअर कधी चुकला. पहिले दोन ग्राहक निघून गेले. तिसऱ्याने किंमत बरीच पाडून गाडी घेतली, आणि इंजिन उघडून पाहिल्यावाचून आपण ती वेगाने चालविणार नाही, असे सांगितले. भाच्याचे पैशांचे नुकसान झाले. फोनवर तो त्याविषयी कुरकुरलाही, आणि आम्ही त्याला ‘सत्याचा लाभच होतो’ असे खोटे समाधान दिले नाही. लाभ झालाच असेल तर तो त्या अनोळखी ग्राहकाचा. त्याला चुकीच्या दिवसाची आगाऊ सूचना मिळाली.

तेव्हा राखीव बळ कोणाचे, या प्रश्नाचे आमचे उत्तर असे: ते वापरणाऱ्याच्या ताब्यात असते, पण एकट्या त्याच्या मालकीचे नसते. ज्याच्या हाती ती वस्तू पुढे जाणार, त्याचाही त्यात वाटा असतो. प्रसंगी तो वाटा खर्चावा लागतो. मग खर्चाची नोंद तरी त्याच्यासाठी मागे ठेवली पाहिजे. आमची नोंद राहून गेली. ती फाईल आता कोठे असेल, कोण जाणे. ज्या सहकाऱ्यास आमच्यासाठी खुलासा द्यावा लागला, त्यांस मात्र आम्ही गेल्या महिन्यात पत्र लिहिले आहे.