ताईत बोलतो, हात कुणाचा?

काझू किबुइशीच्या 'अ‍ॅम्युलेट' या चित्रकादंबरी मालिकेचे 9 भाग 2008 ते 2024 या काळात आले. पहिल्या भागाच्या सुरुवातीलाच मोटार कड्यावरून कोसळते. आई आणि मालिकेची नायिका एमिली कशाबशा बाहेर पडतात. वडील आतच अडकतात.

पुढे पणजोबांच्या घरात सापडलेला ताईत एमिलीशी बोलू लागतो. बळही देतो. सातव्या भागात तोच आवाज तिचा ताबा घेतो आणि ती ज्वाळांचा पक्षी होते. मग तिच्या हातून घडलेल्याला जबाबदार कोण?

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनाचाही असाच प्रश्न आहे: इच्छा नसताना माणूस पाप का करतो? कृष्ण काम-क्रोधाकडे बोट दाखवतो, बाहेरच्या कुणाकडे नाही. किबुइशीचा आवाज बाहेरचा खरा, पण तो एमिलीचा राग नेमका हेरतो. दार आतूनच किलकिलं असतं! दहा-बारा वर्षांच्या वाचकापुढे लेखक हा पेच बिनधास्त ठेवतो.