एकाची नोकरी, सर्वांचे घर

नागपूरच्या आग्नेयेस वसलेले उमरेड एकेकाळी हातमागासाठी ओळखले जाई. येथील कोष्टी विणकरांच्या रेशीमकाठी धोतरांना चांगली मागणी असे. आज उमरेड म्हटले की कोळसा आठवतो. मागापासून खाणीपर्यंतच्या या प्रवासात केवळ धंदा बदलला नाही. घरातील माणसे एकमेकांची किंमत कशी करतात, तेही बदलले.

मागाचे काम घरातच चाले. धोटा चालविणारा हात एकाचा असला, तरी कांड्या भरणे, ताणा लावणे, सुताला खळ देणे ही कामे स्त्रिया, मुले व वृद्ध यांच्यात वाटलेली असत. दृष्टी मंदावलेले आजोबाही निरुपयोगी ठरत नसत. तथापि या चित्राला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. कांड्यांपायी मुलांची शाळा बुडे, स्त्रीच्या श्रमाला वेगळे दाम नसे आणि कापड विकून आलेला पैसा कर्त्या पुरुषाच्याच हाती राही. १८७७ साली नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीच्या आणि पुढे यंत्रमागाच्या कापडासमोर हा घरगुती व्यवसाय खचत गेला.

देशातील कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७३ साली पूर्ण झाले. उमरेड परिसरातील खाणी वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कंपनीच्या अखत्यारीत आहेत. खाणीतील कायम नोकरीने नियमित पगार, औषधोपचार आणि म्हातारपणाची तरतूद दिली. सावकाराच्या दारी उभे राहणाऱ्या विणकराला यांपैकी काहीच लाभले नव्हते. हा लाभ लहान मानणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु खाणीला जमीन लागते. ज्यांची शेती जाते, त्यांना पैशाबरोबर ठरावीक क्षेत्रामागे एक नोकरी देण्याची पद्धत आहे. समजा, तीन भावांचे सामाईक शेत गेले आणि नोकरी एकच आली. ती कोणी घ्यावी? थोरल्याने, शिकलेल्याने की गरजवंताने? आणि बहिणीचे काय? १९५२ च्या खाण कायद्याने स्त्रियांना भूमिगत कामास बंदी केली होती आणि खुल्या खाणीत केवळ सकाळी सहा ते सायंकाळी सात या वेळेतच मुभा दिली होती. २०१९ साली हे निर्बंध शिथिल झाले. त्यामुळे नोकरीचा विचार होताना मुलीचे नाव सहसा कोणाच्या ओठी येत नसे. ज्या शेतात सर्वांचा घाम जिरला, त्याचा मोबदला दर महिन्याला एकाच्या नावावर जमा होऊ लागतो. काही वर्षांनी तोच भाऊ म्हणतो, "ही माझी कमाई आहे." कायद्याने त्याचे बरोबरच असते. नीतीने असते काय?

त्याच घरातील पत्नीला कोणी विचारले, तर ती उत्तर देते, "मी काही करीत नाही, घरीच असते." पाळीला जाणाऱ्या पतीचा डबा पहाटे तिने भरलेला असतो. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, तर घरकाम करणारे पुरुष ९७. ज्याला पगार तेच काम, ही व्याख्या आपण निमूटपणे स्वीकारली आहे.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या आपल्या श्रमविषयक परिपत्रकात काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नव्हे, असे प्रतिपादन केले. कामाचे मोल काय निर्माण झाले यावरून नव्हे, तर ते करणारी व्यक्ती आहे यावरून ठरते, ही त्यामागील दृष्टी. त्याच परिपत्रकात त्यांनी कुटुंब पोसण्यास पुरेल अशा वेतनाचा आग्रह धरला. वेतन जर कुटुंबासाठी आहे, तर ते आणणारा त्याचा मालक नसून विश्वस्त ठरतो. विश्वस्ताला हिशेब द्यावा लागतो: धाकट्या भावाला, बहिणीला, चुलीपाशी उभ्या असलेल्या पत्नीला.

यासाठी मागाकडे परतण्याची गरज नाही; ते शक्यही नाही. पगाराच्या दिवशी घरातील सर्वांनी एकत्र बसून खर्च ठरवावा, पाळीवरून परतलेल्या पुरुषाने विसावा घेतल्यावर घरकामातील आपला वाटा उचलावा आणि मुलीचे शिक्षण उरलेल्या पैशातून होऊ नये, एवढे तरी आपल्या हाती आहे. कोळसा एक दिवस संपेल, नोकरीही निवृत्तीबरोबर संपेल. त्या वेळी भाऊ एकमेकांच्या उंबरठ्यावर मोकळ्या मनाने येऊ शकतील की नाही, हे मात्र आज पगार कसा वाटला जातो यावर ठरणार आहे.